‘माझ्या टी-पेशी थकल्या, पावडर घेऊ का?’

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“नमस्कार डॉक्टर ताई. मी घाटंजी तालुक्यातून लिहून राहिलो. वय २४, चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. एप्रिलमध्ये जयंतीच्या शिबिरात रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीचा फोन आला, येऊन भेटा म्हणे. गेलो तर सांगितलं, हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह आहे, आता पुन्हा रक्त देऊ नका. मले तर काहीच त्रास नाही. भूक लागते, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फिरतो, डोळे पिवळे नाही. गावातल्या डॉक्टरनं म्हटलं, काही होत नाही, कावीळ झाली की पाहू. चुलतभाऊ नागपूरले बी.एस्सी. करते. त्यानं सांगितलं की या आजारात टी-पेशी थकून जातात, त्याच्यानं विषाणू निघत नाही. तालुक्याले एक जण इम्युनिटीची पावडर विकते, महिन्याचे साडेतीन हजार, सहा महिने घ्या म्हणते. मायचं म्हणणं, शेजारच्या गावातून काविळीची माळ आणू. दिवाळीनंतर लग्न आहे. पोरीकडच्याईले सांगू का नको, तेही समजून नाही राहिलं. मले एवढं सांगा, माह्या टी-पेशी काहून थकल्या, अन् त्याईले ताकद देणारं काही आहे का नाही?”

भाऊ,

पावडर घेऊ नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण उत्तर छापून येईपर्यंत पहिला डबा घरात आलेला असायचा. आला असेल तर परत करा. फोडला असेल तर पैसे गेले समजा, पण पोटात घालू नका. सहा महिन्यांचे एकवीस हजार रुपये कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून कसे निघतात, हे त्या विकणाऱ्यालाही चांगलं ठाऊक आहे.

तुमच्या चुलतभावानं सांगितलं ते मात्र खोटं नाही. टी-पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींतला विषाणू ओळखून त्याच्याशी लढणारा एक गट. त्या थकतात, हे खरं आहे. त्यानं गोष्ट अर्ध्यावर सोडली एवढंच. उरलेली अर्धी कळली की पावडर का नको, गोळी कशासाठी, आणि ‘कावीळ झाली की पाहू’ हे का चालणार नाही, याचा उलगडा होईल. म्हणून जरा बैजवार लिहिते. मधे कुठे जड वाटलं तर थांबून पुन्हा वाचा, नाहीतर चुलतभावाला सोबत बसवा.

विषाणू अंगात आला कधी, इथून सुरू करू. मोठ्या माणसाला हिपॅटायटीस बी झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचं शरीर काही महिन्यांत तो स्वतःच आवरतं. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झाला तर चित्र नेमकं उलटं असतं, शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या अंगात तो ठाण मांडतो. तुमचं वय पाहता तुम्ही जन्मलात तेव्हा सरकारी लसीकरणात ही लस नव्हती. ती २००२-०३ मध्ये मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली आणि देशभर पोहोचली २०११ मध्ये. त्यामुळे तुमचा संसर्ग लहानपणचा असण्याची शक्यता मोठी आहे. तो आईकडून आला असेल, न उकळलेल्या सुईतून आला असेल, जत्रेतल्या गोंदणातून आला असेल. कुठून, याचा छडा लावत बसू नका. लागणार नाही, आणि लागला तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही. मायला तपासून घ्यायचंच आहे, पण ते तिच्यावर बोट ठेवायला नाही. तिच्या अंगात तो असला तर तिलाही तो असाच कुठून तरी, बहुतेक तिच्या लहानपणी मिळालेला असणार. आणि एकटे तुम्हीच आहात असंही समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या विषाणूसह जगणारे लोक २ कोटी ९८ लाख होते. त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. तुम्हाला रक्तदानामुळे वेळेवर कळलं.

आता या विषाणूचा स्वभाव. तो यकृताच्या पेशीत शिरतो, पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक गोल कडं करून ठेवतो आणि तिथून आपल्या नकला काढत राहतो. पण ज्या पेशीत राहतो तिला तो सहसा मारत नाही. भूक लागते, पंप पाठीवर चालतो, डोळे पांढरे आहेत, ते त्यामुळेच. यकृताचं नुकसान होतं ते मुख्यतः आपल्याच टी-पेशी त्या विषाणूवाल्या पेशींवर तुटून पडतात तेव्हा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पावडरीचा निकाल हिच्यावर लागणार आहे.

टी-पेशी काम कसं करते, हे इटलीत मिलानच्या संशोधकांनी जिवंत उंदराच्या यकृतात सूक्ष्मदर्शक लावून पाहिलं आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला जाळीसारखी छिद्रं असतात. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, जिथे चिकटलेल्या असतात तिथे टी-पेशी आधी थांबते. मग भिंतीच्या आतल्या अंगाने रांगत पुढे सरकते आणि छिद्रातून आपला एक बारीक फाटा बाहेर काढून पलीकडची यकृतपेशी चाचपते. रक्तवाहिनीतून बाहेर न पडता! त्या पेशीने आपल्या अंगावर विषाणूचा तुकडा दाखवलेला असेल तर टी-पेशी तो ओळखते. ओळखल्यावर तिच्यापुढे दोन वाटा असतात. पेशीलाच मारायचं, किंवा इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडून पेशी जिवंत ठेवत आतला विषाणू दाबायचा.

साध्या, आठ-पंधरा दिवसांच्या विषाणूत हे काम लवकर उरकतं. विषाणू संपला की कामावर आलेल्या टी-पेशींतल्या बहुतेक मरून जातात आणि थोड्या आठवण म्हणून उरतात. त्या उरलेल्यांना जगायला विषाणूची गरज नसते. शरीरात तयार होणारी इंटरल्युकिन-७ आणि इंटरल्युकिन-१५ ही दोन प्रथिनं त्यांना वर्षानुवर्षं जिवंत ठेवतात. इंटरल्युकिन म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेला निरोप समजा, एक पेशी सोडते आणि दुसरीच्या अंगावरचा ठरावीक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तो उचलतो.

तुमच्या अंगातला विषाणू संपत नाही. वर तो एक लबाडीही करतो. खऱ्या विषाणूबरोबर त्याची रिकामी कवचं हजारो पटींनी रक्तात सोडतो. रक्तपेढीच्या तपासणीत सापडलं ते हेच कवचाचं प्रथिन, कागदावर एचबीएसएजी लिहिलंय ते. म्हणजे टी-पेशीला शत्रू रात्रंदिवस, जिकडेतिकडे दिसतोय. अशा पेशी हळूहळू ढिल्या पडतात, आणि त्यातही एक क्रम आहे. आधी इंटरल्युकिन-२ बनवणं बंद होतं आणि भराभर दुप्पट होण्याची ताकद ओसरते. इंटरफेरॉन गॅमा सोडणं बऱ्याच शेवटी जातं. पेशी अशा ढिल्या पडतात, हे अटलांटात रफी अहमद यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये उंदरांवर दाखवलं. हे संशोधक आपल्या शेजारच्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या उंदरांच्या अंगात विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी हजर होत्या, पण काम करत नव्हत्या. त्याआधी अनेकांची समजूत होती की जुनाट आजारात या पेशी नष्टच होतात.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुमच्या टी-पेशी मेलेल्या नाहीत. कमी झाल्या आहेत, ढिल्या पडल्या आहेत, पण आहेत.

मग त्या टिकल्या कशावर? मला स्वतःला यातला हाच भाग सगळ्यात नवलाचा वाटतो. तुम्ही जागलीला जाता, म्हणून त्यावरूनच सांगते. रानडुकरं रोज येत असली की मचाणावरचा माणूस आठवडाभरात दमतो. डबा वाजवायचा हात जड होतो, आवाज बसतो. तरी शेत राखलं जातं, कारण घरी कुणीतरी झोप काढून ताजं असतं आणि पाळी बदलायला येतं, आणि घरून भाकरीही येते. टी-पेशींचं तसंच आहे. यकृतात जाऊन भिडणाऱ्या पेशी दमतात आणि संपतात. पण लसिका ग्रंथी आणि प्लीहा, म्हणजे पाणथरी, इथे त्याच जातीच्या काही पेशी मागे राहतात. त्या फारशा लढत नाहीत, हळूहळू विभागून आपली संख्या राखतात आणि त्यांच्यातूनच नवीन पेशी यकृताकडे निघतात. टीसीएफ-१ नावाचं प्रथिन ही त्यांची खूण. २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी जवळपास एकाच वेळी त्या ओळखल्या. सगळी भिस्त या राखीव पेशींवर असते.

भाकरी पाठवणारे आहेत मदतनीस टी-पेशी, ज्यांना सीडी-४ म्हणतात. त्यांच्याकडून येणारा मोठा निरोप म्हणजे इंटरल्युकिन-२१. २००९ मध्ये तीन गटांनी उंदरांवर हे एकत्रच दाखवलं. ज्या उंदरांच्या टी-पेशींना हा निरोप उचलता येत नव्हता, त्यांच्यातल्या मारेकरी टी-पेशी, म्हणजे विषाणूवाल्या पेशींना भिडणाऱ्या, जुनाट संसर्गात गळून गेल्या आणि विषाणू आवरला नाही. थोड्या दिवसांच्या संसर्गात मात्र त्याच निरोपावाचून फारसं अडलं नाही. म्हणजे लांबलेल्या लढाईसाठी लागणारे निरोपच वेगळे. इंटरल्युकिन-२ हा त्यातला दुसरा. आणखी एक विचित्र गोष्ट. जुनाट संसर्गातल्या या पेशी काढून विषाणू नसलेल्या उंदरात सोडल्या, तर त्या हळूहळू विरून जातात. इंटरल्युकिन-७ आणि १५ वर जगायची सवय त्यांना उरलेली नसते. ज्या विषाणूने त्यांना दमवलं, त्याच्या सततच्या दर्शनावरच त्या तगून असतात.

एवढ्यावर कुणी म्हणेल, मग हा इंटरल्युकिन-२१ वाढवायचं काहीतरी द्या ना. थांबा. दुसऱ्या बाजूचे निरोपही आहेत.

थकलेल्या टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक ग्राहक उगवतो. तो जपानमध्ये क्योटोला तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला होता. समोरच्या पेशीवर पीडी-एल-१ नावाचं प्रथिन असलं आणि ते याला भिडलं की टी-पेशीला ‘पुरे’ असा निरोप जातो. २००६ मध्ये अहमद यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट संसर्ग असलेल्या उंदरांत ही भेट औषधाने अडवली, आणि थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. याच ग्राहकाला अडवणारी औषधं पुढे कर्करोगात आली आणि २०१८ चं नोबेल होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना मिळालं. तुमच्या चुलतभावाने हे कुठेतरी वाचलं असेल.

पण त्याच २००६ च्या प्रयोगातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. ज्या उंदरांच्या अंगात पीडी-एल-१ जन्मतःच नव्हतं, म्हणजे ज्यांच्या टी-पेशींना ‘पुरे’ म्हणणारं कुणीच नव्हतं, ते उंदीर तो जुनाट विषाणू टोचल्यावर दगावले. त्यांना मारलं ते बेलगाम झालेल्या त्यांच्याच टी-पेशींनी. पुढे २०१९ मध्ये टॉक्स नावाच्या प्रथिनाबद्दल एकामागून एक शोधनिबंध आले. टी-पेशीला थकव्याच्या रस्त्याला लावणारं हेच प्रथिन. ते काढून टाकलं तर पेशी जोमात दिसतात, पण टिकत नाहीत, मरून जातात. म्हणजे ज्याला आपण थकवा म्हणतो, ती निम्मी तडजोड आहे. विषाणू जात नाही म्हटल्यावर शरीर टी-पेशींचा आवाज खाली आणतं, म्हणजे पेशीही टिकतात आणि यकृतही शाबूत राहतं. चोवीस वर्षं तुमचं यकृत चाललं, त्यात या तडजोडीचा वाटा आहे.

आता बघा पावडरीकडे. इंटरल्युकिन हे प्रथिन आहे, तोंडाने घेतलं तर डाळीच्या प्रथिनासारखं पोटात पचून जाईल. म्हणजे ते तर त्या डब्यात नाहीच. डब्यात जे काही आहे त्यातलं काहीच नेमक्या त्या थोड्या राखीव पेशींपर्यंत जाऊन ‘तेवढ्याच जाग्या व्हा’ असं सांगू शकत नाही. आणि समजा एखाद्या गोष्टीने खरंच सगळ्या टी-पेशी एकदम पेटवल्या, तर तुमच्या विषाणूवाल्या यकृतपेशी एकगठ्ठा मारल्या जातील आणि खरी कावीळ तेव्हा होईल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंटरफेरॉनची इंजेक्शनं देतानाही यकृत असं भडकू शकतं, म्हणून तिथे वरचेवर रक्त तपासतात. शिवाय इंटरफेरॉनचं तरी सरळ कुठे आहे? २०१३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की जुनाट संसर्ग असलेल्या उंदरांत एका प्रकारच्या इंटरफेरॉनचा निरोप अडवला, तर विषाणू उलट लवकर आवरला. ज्या यंत्रणेत एकच निरोप सुरुवातीला तारतो आणि लांबला की घात करतो, तिथे ‘इम्युनिटी वाढवा’ या सल्ल्याला अर्थच उरत नाही. पीडी-१ अडवणारी औषधं म्हणाल तर ती कर्करोगासाठी, शिरेतून, मोठ्या रुग्णालयात देतात. तुमच्यासाठी ती नाहीत.

लिंबावरची गुळवेल आणून काढा करायचा विचारही कुणीतरी घरात काढेल. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादात पडायची तुम्हाला गरज नाही. ज्याचं यकृत निरोगी आहे त्याने काय करावं ते तो ठरवेल, तुम्ही टाळा.

मायच्या माळेबद्दल दोन ओळी. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात सैल गाठींनी बांधलेले असतात. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सरकतात, दोरा सुटत जातो आणि माळ गळ्यापासून बेंबीपर्यंत लांबते. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली, असं लोक समजतात. ती खुंटीला टांगली तरी लांबेल. तुम्हाला तर कावीळच नाही. मायचं मन राखायला घातली तर माझी हरकत नाही, पण माळेसोबत कुठलं मुळीचं औषध पोटात देत असतील तर ते नको.

मग टी-पेशींना खरी मदत कशाने होते? त्यांच्यासमोरचा विषाणू कमी केल्याने. आजच्या घडीला आपल्या हातात आहे ते एवढंच, आणि ते कमी नाही. टेनोफोव्हिर नावाची गोळी, रोज एक. ती विषाणूच्या नकला काढणं थांबवते. केंद्रकातलं ते गोल कडं तिने जात नाही, म्हणून ती बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. पण रक्तातला विषाणू नगण्य होतो, यकृताची सूज उतरते, जुने वण मऊ होऊ लागतात, कर्करोगाचा धोका घटतो. लांब उपचारानंतर काही रुग्णांच्या टी-पेशींत थोडी जान परत आलेलीही दिसली आहे. पूर्ण नाही. हिपॅटायटीस सी औषधांनी पूर्ण बरा होतो, पण तिथेसुद्धा विषाणू गेल्यावर टी-पेशींच्या डीएनएच्या मांडणीवर थकव्याच्या खुणा उरतात, असं २०२१ मध्ये दिसून आलं. म्हणून लवकर लक्ष घातलेलं बरं.

प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असं नाही, हेही सांगते. ते तपासण्यांवरून ठरतं. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात तपासणी व औषधं मोफत आहेत. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात औषधवैद्यक विभागात जा आणि ‘हिपॅटायटीसच्या कार्यक्रमात नाव घाला’ असं स्पष्ट म्हणा. तिथून नागपूरला मेडिकलला पाठवलं तर जा, अर्ध्यात सोडू नका. एचबीव्ही डीएनए तपासणी झाल्याशिवाय परत येऊ नका. रक्तात विषाणू किती, हे तीच सांगते. तिचा आकडा लाखांत, कधी कोटींत येतो. तो पाहून घाबरू नका, तो एकटा काही सांगत नाही. त्याच्या शेजारी एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं प्रथिन, ठेवून वाचायचा. विषाणू पुष्कळ आणि एसजीपीटी साधारण, म्हणजे टी-पेशी सध्या शांत आहेत. एसजीपीटी चढलेलं, म्हणजे त्या यकृतात लढतायत आणि पेशी फुटतायत. सोबत एचबीईएजी, म्हणजे विषाणू जोमात नकला काढतोय का हे सांगणारी रक्ततपासणी, प्लेटलेट, पोटाची सोनोग्राफी, आणि मिळाली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती घट्ट झालंय ते मोजणारी तपासणी. सोबत एचआयव्ही आणि हिपॅटायटीस सी चीही तपासणी करतील, त्यात वावगं वाटून घेऊ नका, ती सगळ्यांचीच करतात.

गोळी सुरू झाली तर मनाने बंद करायची नाही. हे मी दहा वेळा सांगते आणि तरी लोक करतात. पेरणीच्या धांदलीत गोळ्या संपतात, यवतमाळला जाणं होत नाही, बरं तर वाटतंच आहे. गोळी अचानक थांबली की विषाणू उसळतो, शांत बसलेल्या टी-पेशी एकदम उठतात आणि महिन्या-दोन महिन्यांत जीवघेणी कावीळ होऊ शकते.

गावातल्या डॉक्टरांच्या ‘कावीळ झाली की पाहू’ला उत्तर मिळालं असेलच. या आजारात डोळे पिवळे न होता यकृत आतून वणांनी घट्ट होत जातं आणि कर्करोगही होऊ शकतो, कधी कधी वण नसतानाही. पाहायचं ते आत्ताच, आणि पुढे डॉक्टर ठरवतील तसं दर सहा महिन्यांनी.

शेतातल्या आणि घरातल्या काही गोष्टी. दारू नाही, मोहाचीही नाही आणि लग्नातलीही नाही. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका खायचा नाही, निवडून उरलेलाही नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आणि हा विषाणू मिळून यकृताच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढवतात. पाठ-गुडघे दुखले म्हणून कुठल्याही पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइड टी-पेशींना दाबतं, विषाणूला मोकळं रान मिळतं. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, दाताच्या असो की हाडाच्या, ‘मला हिपॅटायटीस बी आहे’ हे पहिलं वाक्य. दाढीचं पातं, नेलकटर, टूथब्रश आपला वेगळा. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकाच हंड्यातलं पाणी प्यायल्याने हा पसरत नाही. तुमचं ताट-पेला कुणी वेगळं काढलं तर त्याला हे वाचून दाखवा.

राहिलं लग्न. सांगा, आणि लग्नाआधी सांगा. आधी मुलीला, मग मोठ्यांना. लपवलं आणि नंतर कुठल्याशा तपासणीत तिला कळलं तर आजारापेक्षा ते जास्त जड जाईल. आणि सांगताना हात रिकामे ठेवू नका, उपाय सोबत घेऊन जा. तिची एचबीएसएजी आणि प्रतिद्रव्यांची तपासणी करून घ्यायची. निगेटिव्ह आली तर लसीचे तीन डोस: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्याला. दिवाळीपर्यंत दोन होतील. तिसरा झाल्यावर एक-दोन महिन्यांनी तिच्या रक्तात पुरेशी प्रतिद्रव्यं आली की नाही ते तपासायचं आणि तोवर निरोध वापरायचा. मग तिला तुमच्याकडून धोका राहत नाही. तिच्या शरीरात मोठ्या वयात, लसीने तयार झालेल्या पेशी विषाणूला ठाण मांडायला जागाच देणार नाहीत. मूल झालं की त्याला पहिला डोस चोवीस तासांच्या आत. बाळंतपण कुठेही होवो, नर्सबाईंना ते तुम्ही स्वतः विचारायचं. मुलीकडचे नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. पण मी पाहिलंय की लस आहे, गोळी आहे, मूलबाळ निरोगी होतं, हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की बरीच घरं ऐकतात. त्यांना घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करा, निगेटिव्ह निघाली तर त्यांनाही लस. यवतमाळला जाताना रक्तपेढीचा कागद, आधार कार्ड आणि आधीचे कुठले अहवाल असतील ते घ्या, आणि मायला सोबत न्या. तिचं रक्त त्याच दिवशी देऊन होईल.